मेमरीचं काम, कोअरची वीज

माइनिंगसाठी ग्राफिक्स कार्डाचं सेटिंग करून घ्यायला येणारा जवळपास प्रत्येक जण एकच विचारायचा, "हॅशरेट किती मिळेल?" २०१७ ते २०२२ या काळात जळगावातल्या माझ्या दुकानात अशी माणसं सतत येत. कुणी इंजिनिअरिंगचा मुलगा, कुणी केळीचा व्यापारी, कुणी नोकरी सांभाळून माळ्यावर सहा कार्डांची रिग लावलेला शिक्षक. मी कम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करणारा माणूस. सुरुवातीची काही कार्डं हाताळल्यावर लक्षात आलं की हॅशरेटचा, म्हणजे सेकंदाला किती हॅश निघतात त्याचा, आकडा स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसतो म्हणून सगळे त्याच्या मागे आहेत. वॅटचा आकडा एक तर दिसत नाही, नाहीतर चुकीचा दिसतो, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष नाही. माझं खरं काम तिथे होतं.

ते काम समजायला आधी कार्ड नेमकं काय करतं ते पाहावं लागतं. इथेरियमचं माइनिंग तेव्हा इथॅश या पद्धतीने चालायचं. त्यात कार्डाच्या मेमरीत एक मोठा तक्ता तयार होतो, त्याला डॅग म्हणतात. २०१५ मध्ये इथेरियम सुरू झालं तेव्हा हा तक्ता १ जीबीचा होता आणि दर ३०,००० ब्लॉकनंतर तो ८ एमबीने वाढत गेला. २०२० च्या अखेरीस ४ जीबीची कार्डं इथेरियममधून बाद झाली ती याच वाढीमुळे. एक हॅश काढायचा म्हणजे या तक्त्यात ६४ वेळा जायचं आणि दर वेळी १२८ बाइट उचलून आणायचे. एका हॅशमागे ८,१९२ बाइट वाचणं आलं. पुढच्या वेळी कुठे जायचं ते आधीच्या वाचनावर ठरतं, त्यामुळे आगाऊ आणून ठेवण्याची सोय नाही.

आता एएमडीचं आरएक्स ५८०, ८ जीबीचं कार्ड घ्या. आमच्या भागात सगळ्यात जास्त हेच चाललं. त्याची मेमरी सेकंदाला २५६ जीबी माहिती पुरवू शकते. २५६ अब्जाला ८,१९२ ने भागलं की ३१.२५ दशलक्ष येतात, म्हणजे ३१.२५ मेगाहॅश. मेमरी त्याच वेगाने चालवायची असेल तर कोअर, म्हणजे आकडेमोड करणारी चिप, कितीही पळवला तरी हॅशरेट यापुढे जाणार नाही. हा भागाकार मी समोरच्याच्या वहीत करून दाखवायचो. आणि नवं कार्ड पेटीतून काढून तसंच चालवलं की मिळायचे २२ ते २४ मेगाहॅश. म्हणजे मेमरीची बरीच ताकद कुठेतरी वाया जात होती, आणि कोअर मात्र गेमसाठी ठरवलेल्या पूर्ण वेगाने फिरत असल्यामुळे कार्ड दीडशे वॅटच्या पुढे वीज घेत होतं.

शेजारच्या डाळ मिलमध्ये वायरमन असलेले नाना दुपारी माझ्याकडे चहाला यायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "नाना, ही रिग नेमकी किती वीज ओढते ते कसं मोजू?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "हे यंत्र करतं काय, ते आधी सांग ना भो. मिलमध्ये मी मोटरच्या पाटीवरचं हॉर्सपॉवर बघत नाही. तिच्यावर लोड किती आहे ते बघतो."

मी त्यांना डॅगचं सांगितलं. मेमरीची धावपळ चालते आणि कोअर तिने आणून देण्याची वाट बघत बसतो. नाना म्हणाले, "मग वाट बघणाऱ्याला एवढी वीज कशाला?"

माझी पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी राहिली. कुठल्याही कार्डाला हात लावण्याआधी हे काम कार्डाचा कुठला भाग करतो आणि कुठला भाग नुसता वाट बघतो, हे शोधायचं. वाट बघणाऱ्याची वीज काढून घ्यायची. मेमरीकडे नंतर वळायचं.

कोअरमध्ये खर्च होणारी वीज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सगळी गंमत या वर्गात आहे. आरएक्स ५८० चा कोअर मूळ सेटिंगवर १,३४० मेगाहर्ट्‌झ आणि १.१५ व्होल्टच्या आसपास चालतो. तो १,१३० मेगाहर्ट्‌झ आणि ०.८७ व्होल्टवर आणला, तर फ्रिक्वेन्सीमुळे वीज ०.८४ पट होते आणि व्होल्टेजमुळे ०.५७ पट. दोन्हींचा गुणाकार ०.४८. म्हणजे कोअरची वीज निम्म्याहून खाली आली आणि हॅशरेट तसूभरही हलला नाही, कारण मेमरी आधीइतकंच देत होती. पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहणाऱ्याचा विश्वास बसत नसे. पंख्यांचा आवाज उतरायचा, कार्डाचं तापमान दहा-बारा अंशांनी कमी व्हायचं आणि स्क्रीनवरचा आकडा जागचा हलायचा नाही.

क्रम मी कधी बदलला नाही. आधी कोअरचा वेग कमी करत जायचा, हॅशरेट पडायला लागेपर्यंत. जिथून पडायला लागतो त्याच्या थोडं वर थांबायचं. मग व्होल्टेज पायरीपायरीने खाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि रिग अडकली तर कशामुळे अडकली ते कळत नाही. व्होल्टेज फार उतरलं की कार्ड गप्प होतं, ड्रायव्हर कोसळतो, कधी अख्खी रिग जागच्या जागी थिजते. हे लगेच कळतं आणि एक-दोन पायऱ्या वर आलं की निस्तरतं. मेमरीचा ताण असा ओरडून सांगत नाही, म्हणून तिची पाळी शेवटी.

या पोलारिस पिढीच्या कार्डांत एक खोच होती. विंडोजमधल्या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीच्या रकान्यात व्होल्टेजचा एक आकडा असे. बहुतेकांना वाटे की हे मेमरीच्या चिपचं व्होल्टेज आहे. प्रत्यक्षात तो कोअरच्या व्होल्टेजचा तळ होता. कोअरच्या रकान्यात ८७० मिलिव्होल्ट लिहिलं आणि मेमरीच्या रकान्यात ९५० राहू दिलं, तर कार्ड ९५० वरच चालणार. अनेक रिगमध्ये मालकाने व्होल्टेज कमी केलेलं असे आणि वीज मात्र कमी झालेली नसे. त्यामागे बहुतेक वेळा हा एवढा एक रकाना निघायचा.

मेमरीचं काम जास्त नाजूक. मेमरीला नवी ओळ उघडायला, वाचायला, बंद करायला ठरावीक वेळ द्यावा लागतो. या वेळांची यादी कार्डाच्या बायोसमध्ये प्रत्येक वेगासाठी वेगळी लिहिलेली असते. वेग वाढतो तशी कंपनी या वेळा सैल ठेवते, म्हणजे कुठलीही चिप लागली तरी कार्ड बिनतक्रार चालावं. गेममध्ये त्याने फारसं बिघडत नाही. इथॅशमध्ये मात्र जागोजागी उड्या मारत वाचायचं असल्यामुळे या सैलपणातच वेळ जातो. म्हणून १,५०० किंवा १,७५० मेगाहर्ट्‌झसाठी लिहिलेली घट्ट वेळांची ओळ उचलून २,००० मेगाहर्ट्‌झच्या जागी चिकटवायची आणि बायोस पुन्हा फ्लॅश करायचा, ही युक्ती जगभरच्या माइनर लोकांनी शोधून काढली होती. तेवढ्याने २३ चे २९-३० मेगाहॅश होत. ३१.२५ चं छत समोर ठेवून पाहिलं की हा बदल केवढा मोठा होता ते कळतं. मेमरीची वाया जाणारी ताकद बहुतेक सगळी हाती आली.

फ्लॅश करण्याआधी मूळ बायोस उतरवून त्या कार्डाच्या सीरियल नंबरच्या नावाने जपून ठेवणं, हा माझा नियम होता. त्याचं महत्त्व पुढे कळलं, ते ओघात येईलच.

एकाच खोक्यातून निघालेली, एकाच मॉडेलची दोन कार्डं एकसारखी वागत नाहीत, हे सांगूनही लोकांना पटायचं नाही. एकावर सॅमसंगची मेमरी, दुसऱ्यावर हायनिक्सची, तिसऱ्यावर मायक्रॉनची. सॅमसंगची सहसा बरीच वर जाते, हायनिक्स आधी थांबते. एकाच कंपनीच्या चिप असल्या तरी एक कार्ड ०.८५ व्होल्टवर महिनोन्‌महिने चालेल, त्याचं भावंड ०.९० च्या खाली श्वास घेणार नाही. "माझ्या मित्राचं सेटिंग आहे, तेच टाका," असं म्हणणाऱ्याला मी नम्रपणे नाही म्हणायचो. मित्राच्या कार्डाचा कागद या कार्डाला लागत नाही. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र बसून वेळ द्यावा लागतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच आनंद होता.

मेमरी किती वर न्यायची हे ठरवताना स्क्रीनवरचा हॅशरेट अगदी अपुरा साक्षीदार आहे. मेमरी मर्यादेच्या पलीकडे गेली की वाचलेल्या बाइटमध्ये चुका व्हायला लागतात. कार्ड थांबत नाही. हॅशरेट उलट वाढलेला दिसतो, कारण चुकीचे हॅशही मोजले जातात. पूलला, म्हणजे अनेकांचं माइनिंग एकत्र करणाऱ्या सर्व्हरला, पाठवायच्या वेळी ते चूक ठरतात आणि फुकट जातात. एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एएमडीच्या कार्डांच्या मेमरीतल्या चुकांचा मोजणी-रकाना असतो. माइनिंग चालू ठेवून मी तो रकाना उघडा ठेवायचो. हळूहळू एखाद-दुसरी चूक आली तर चालतं. आकडा पळायला लागला की मेमरी खाली आणायची, मग हॅशरेट अर्ध्या मेगाहॅशने कमी झाला तरी हरकत नाही.

पूलच्या आकड्यांबद्दल मात्र गणित करूनच बोलावं. अनेक पूलवर एका शेअरमागे, म्हणजे पूलने मान्य केलेल्या एका हॅशमागे, सरासरी ४.२९ अब्ज हॅश लागत. ३० मेगाहॅशच्या कार्डाला एक शेअर मिळायला सरासरी १४३ सेकंद, म्हणजे दिवसाला साधारण ६०० शेअर. पण शेअर मिळणं ही संभाव्यतेची गोष्ट आहे. सरासरी ६०० असेल तर एखाद्या दिवशी ५७५ आणि एखाद्या दिवशी ६२५ मिळणं अगदी साधं. हा फरक ४ टक्क्यांचा झाला. आता कुणी मेमरी १० मेगाहर्ट्‌झने वाढवून दुसऱ्या दिवशी सांगत आलं की पूलवर ३ टक्के वाढले, तर त्या ३ टक्क्यांना काहीच अर्थ नाही. एका टक्क्याचा फरक एका कार्डावर ओळखू यायलाच दहा हजार शेअर हवेत, म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त काळ, तोही सेटिंगला हात न लावता. लोकांचा संयम इथे सुटायचा. रोज रात्री नवे आकडे टाकून रोज सकाळी निष्कर्ष काढणाऱ्यांना मी कळवळून सांगायचो की तुम्ही नाणं उडवताय आणि त्यात आपली अक्कल शोधताय.

विजेच्या मोजणीत असलं काही नाही, म्हणून ती मला आवडते. फक्त ती कार्डाच्या सॉफ्टवेअरवर सोडून चालत नाही. आरएक्स ५८० सॉफ्टवेअरमध्ये ८० वॅट दाखवतं ती नुसत्या कोअरच्या चिपची वीज. मेमरी, पंखे, व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमधला तोटा, मग पॉवर सप्लायमधला तोटा धरून भिंतीच्या सॉकेटपाशी तेच कार्ड ११५ ते १२० वॅट घेत असतं. नानांनी मला भाडेकरूंसाठी लावतात तसला साधा सबमीटर जोडून दिला. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला लिहिलेलं असतं की एका युनिटला ३,२०० वेळा. ८०० वॅटची रिग असेल तर मिनिटाला साधारण ४३ वेळा लुकलुकणार. एका मिनिटात एक लुकलुक इकडे-तिकडे झाली तर १९ वॅटची गफलत होते, म्हणून पाच मिनिटं मोजायचं, मग ती चार वॅटच्या आत येते. मी खुर्ची टाकून बसायचो आणि मोजायचो. हॅशरेट भागिले वॅट, हा एक आकडा प्रत्येक कार्डाच्या नावापुढे वहीत लिहिलेला असे. आरएक्स ५८० नवं असताना वॅटला ०.१४ मेगाहॅशच्या आसपास आणि नीट बसवल्यावर ०.२५.

सहा कार्डांच्या रिगवर प्रत्येकी ५० वॅट वाचले तर दिवसाला ७.२ युनिटं, महिन्याला २१६. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटं वाढतात तसा दरही चढत जातो, आणि ५०० युनिटांवरचा टप्पा सगळ्यात महाग. घरच्या वापरावर रिगची युनिटं चढत असल्यामुळे ही वाचलेली २१६ युनिटं बिलाच्या वरच्या टोकाची असायची. (धंदा म्हणूनच चालवायचं तर जोडणी व्यापारी दराची घ्यावी, हे मी प्रत्येकाला आधी सांगायचो.) पुढे १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेवर ३० टक्के कर आला. माइनिंगच्या यंत्रणेवर झालेला खर्च त्यातून वजा मिळणार नाही, हे सरकारने त्याच मार्चमध्ये संसदेत स्पष्ट केलं. तेव्हापासून मी हिशेब असा मांडायला लागलो: हॅशरेट वाढवून कमावलेल्या रुपयातले ७० पैसे हातात राहतात, वीज वाचवून राखलेला रुपया अख्खा राहतो.

जळगावचा उन्हाळा हा या सगळ्या कामातला खरा परीक्षक. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि रिग ओढते ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ८०० वॅटची रिग म्हणजे बंद खोलीत चोवीस तास चालू ठेवलेला ८०० वॅटचा हीटर. पहाटेच्या गारव्यात बसवलेलं सेटिंग दुपारी तीनला कोसळतं. म्हणून मेमरीची शेवटची चाचणी मी मुद्दाम भर दुपारी, खोलीचं दार नेहमीसारखं ठेवून घ्यायचो. उन्हाळ्यासाठी मेमरी ५० मेगाहर्ट्‌झने खाली, असं वेगळं सेटिंग प्रत्येक रिगला लिहून द्यायचो. खोलीत वर एक्झॉस्ट पंखा, खाली जाळी लावलेली खिडकी, एवढ्याने बरंच भागतं. खानदेशात घरोघरी कूलर असतो आणि लोकांना वाटतं तो रिगसमोर ठेवावा. मी तो काढायला लावायचो. आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्या दमट हवेबरोबर कार्डावर बसतो, आणि सर्किटवर पांढरी पूड चढलेली कार्डं मी दुरुस्तीला आलेली पाहिली आहेत.

रायझरबद्दल थोडक्यात. कार्ड मदरबोर्डापासून लांब टांगायला रायझर लागतो. त्याला वीज देताना साटाची जोडणी वापरू नये. ती १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटची आहे आणि कार्ड त्या वाटेने ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. जळका वास येणाऱ्या रिगमध्ये मी सगळ्यात आधी तिथे बघायचो.

एनव्हिडियाच्या कार्डांत पास्कल पिढीपासून बायोसवर सहीची तपासणी असते, त्यामुळे तिथे सगळं काम सॉफ्टवेअरमधून. २०२१ मध्ये आरटीएक्स ३०७० यायला लागली. सेकंदाला ४४८ जीबी, म्हणजे इथॅशचं छत ५४.७ मेगाहॅश. मेमरीला वर ढकललं की ६१-६२ पर्यंत जायचं. पाटीवर २२० वॅट लिहिलेलं हे कार्ड १२० च्या आसपास ते काम करायचं, म्हणजे वॅटला अर्धा मेगाहॅश. बहुतेक लोक पॉवर लिमिट कमी करून थांबायचे. त्यात कार्ड आपलं वर-खाली होत राहतं. कोअरचा वेगच एका आकड्यावर बांधून टाकला तर जास्त चांगलं, कारण त्या वेगाला जेवढं लागतं तेवढंच व्होल्टेज कार्ड स्वतः निवडतं. पण या व्होल्टेजलाही तळ असतो. ३०७० वर ढोबळमानाने ११०० मेगाहर्ट्‌झच्या जवळपास कार्ड त्या तळाला टेकतं. त्याखाली वेग कमी केला तर व्होल्टेज उतरत नाही, वर्गाचा फायदा संपतो आणि हॅशरेट मात्र पडायला लागतो. तो कोपरा प्रत्येक कार्डात जरा इकडे-तिकडे असतो. तो शोधून तिथे कार्ड उभं करणं हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात समाधानाचं काम.

आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ची तऱ्हा वेगळी. त्यांची जीडीडीआर६एक्स मेमरी प्रचंड तापते. कोअर ६० अंशांवर आरामात असतो आणि मेमरी ११० ला पोचून स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. त्यावर सेटिंगचा इलाज अर्धाच. मेमरीवरचे थर्मल पॅड काढून योग्य जाडीचे नवे बसवले की मेमरी १५-२० अंशांनी उतरलेली मी पाहिली आहे. योग्य जाडीचे हा शब्द महत्त्वाचा. अर्ध्या मिलिमीटरने जास्त जाड पॅड लागला तर मेमरी थंड राहते आणि कोअरवरचा हीटसिंक टेकतच नाही.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने माइनिंग बंद केलं. जाळं दुसऱ्या पद्धतीवर गेलं आणि त्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला. माझ्या धंद्याला त्याने फटका बसला, तरी मला ते योग्यच वाटलं. पाच वर्षं वॅट वाचवण्यासाठी धडपडलेल्या माणसाला एवढी वीज वाचताना वाईट वाटायचं कारण नाही.

त्यानंतर काही लोक कास्पा या दुसऱ्या नाण्याकडे वळले आणि माझ्याकडे जुनी सेटिंगं घेऊन आले. मला हा काळ फार शिकवून गेला. कास्पाचं केहेवीहॅश मेमरीला जवळपास हात लावत नाही. सगळं काम कोअरचं. म्हणजे वाट बघणारा आता दुसराच होता. पाच वर्षं जिची आम्ही एकेक मेगाहर्ट्‌झसाठी मनधरणी केली ती मेमरी ३०७० वर थेट ८१० मेगाहर्ट्‌झवर बांधून ठेवायची आणि कोअर वर चढवायचा. कार्ड तेच, मालक तोच, आणि जुन्या सेटिंगमधला एकही आकडा कामाचा नाही. रेव्हनकॉइनचं कॉपॉ आणखी तिसरं. त्यात कोअर आणि मेमरी दोन्ही राबतात, आणि इथॅशवर बिनघोर चालणारं कमी व्होल्टेज तिथे काही मिनिटांत कार्ड पाडतं. ज्यांनी आकडे पाठ केले होते त्यांची तारांबळ उडाली. ज्या दोन-तीन मुलांना मी सुरुवातीला तो ८,१९२ बाइटांचा भागाकार समजावला होता, त्यांनी स्वतःहून विचारलं, "दादा, यात एक हॅश मेमरी किती वाचतो?" मला त्यांचा अभिमान वाटला.

कमाई आटत गेली तशी कार्डं विकायला निघाली. घेणारा विचारायचा, माइनिंगचं आहे का? आहे, असं सांगूनच विकावं आणि विकण्याआधी मूळ बायोस परत घालावा, यावर मी ठाम होतो. घट्ट वेळांचा बायोस ठेवून कार्ड दिलं तर घेणाऱ्या मुलाच्या स्क्रीनवर गेम खेळताना ठिपके आणि पट्टे येणार, आणि त्याला कधी कळणार नाही का ते. सीरियल नंबरने ठेवलेल्या फायली तेव्हा कामी आल्या. माझं मत विचाराल तर ०.८७ व्होल्टवर, ६० अंशांत चाललेलं माइनिंगचं कार्ड मी डोळे झाकून घेईन. त्याचे पंखे बदलावे लागतील, पेस्ट नवी लावावी लागेल. धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये उन्हाळाभर ८५ अंशांवर गेम चालवलेल्या कार्डाला मी आधी उघडून बघेन.

त्यातली काही ३०९० आता दुसऱ्याच कामाला लागली आहेत. इंजिनिअरिंगची मुलं २४ जीबी मेमरीसाठी ती घेतात आणि घरी भाषेची एआय मॉडेलं चालवतात. परवा एक जण कार्ड घेऊन आला. ३५० वॅट, खोली तापते, घरचे ओरडतात. मॉडेल उत्तर लिहितं तेव्हा प्रत्येक टोकनसाठी, म्हणजे शब्दासाठी किंवा त्याच्या तुकड्यासाठी, मेमरीत बसलेलं सगळं मॉडेल एकदा वाचून काढावं लागतं. मॉडेल १८ जीबीचं आणि कार्डाची मेमरी सेकंदाला ९३६ जीबी देणारी, म्हणजे छत सेकंदाला ५२ टोकनचं. इथे कोअर पुन्हा बराचसा रिकामा, त्यामुळे पॉवर लिमिट २७० वर आणली तरी लिहिण्याचा वेग फारसा हलला नाही. पण त्याने लांबलचक पीडीएफ वाचायला दिली तेव्हा उत्तर सुरू व्हायलाच उशीर लागायला लागला. दिलेला मजकूर वाचून घेणं हे कोअरचं काम आहे, तिथे लिमिट कमी केली की फटका बसतो. म्हणून त्याला दोन सेटिंगं करून देतोय, लांब मजकूर वाचण्यासाठी एक आणि गप्पा मारण्यासाठी एक. सबमीटर त्याच्या घरी लावून दिलाय. पुढच्या रविवारी दोन्हींचे वॅट मोजायचे आहेत.